कोणत्या कुशीवर?

आमच्या सीमाभागात एकाच गल्लीत दोन भाषा नांदतात, पण क्षयाला दोन्हींत शब्द एकच. आणि तो मोठ्याने उच्चारायचा नाही, ही रीतही एकच. ‘छातीत कफ धरलाय’ एवढ्यावर भागवायचे.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी दीड महिना असेच भागवले. मुलीची सोयरीक ठरली होती. रुमालावर लाल ठिपका दिसला की अडुळशाचा रस घ्यायचा आणि रुमाल स्वतःच धुवायचा. पावसाळ्यातल्या एका सकाळी घंटा देऊन ते व्हरांड्यात बसले आणि खोकल्याबरोबर ओंजळभर रक्त आले. लालभडक, फेसाळ. पोटातले रक्त बहुधा काळपट असते, उलटीवाटे येते. हे फुप्फुसातलेच होते. कुणी पाणी आणले, कुणी कांदा. (कांदा कशाला, देव जाणे!)

मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारले, “खळखळ कोणत्या बाजूला वाटते?” मामांनी उजवीकडे हात ठेवला. “मग उजव्या कुशीवरच झोपवा आणि ताबडतोब घेऊन या.” दुखरी बाजू वर ठेवायची, एवढेच आपल्याला ठाऊक! पण कारण साधे आहे. रक्त चांगल्या फुप्फुसात उतरू द्यायचे नाही. श्वासाच्या मोठ्या नळ्यांत मावते ते जेमतेम दीडशे मिलिलिटर. असा रोगी रक्त संपून क्वचितच दगावतो, तो गुदमरतो.

आमचे एक चुलत आजोबा फार पूर्वी मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होते. त्या काळी छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मिटवीत, म्हणजे त्याला विश्रांती मिळे आणि रक्तही थांबे. स्ट्रेप्टोमायसीन सापडले 1943 साली. आजोबांना त्याचा उपयोग नव्हता. मामांच्या वेळी मात्र जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट छातीपर्यंत नेली आणि रक्त गळणारी वाहिनी आतूनच बुजवली. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळते. त्यातली श्वासनलिकांकडे जाणारी वाट अरुंद, पण दाब जबर. मोठा रक्तस्राव बहुतेक तिथूनच होतो. मामा शुद्धीवर होते, डॉक्टरांशी कन्नडमधून बोलत होते म्हणे.

रक्त थांबले तरी मूळ रोग उरतोच. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. मामांना गोळ्यांची धास्ती नव्हती. “सर, तिकडं कळलं तर पोरीचं काय हुईल?”

1956 साली मद्रासला सुरू झालेल्या पाहणीत दिसून आले, की घरी राहून औषध घेणारा रोगी सॅनिटोरियममधल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना अधिक बाधा होत नाही. इतक्या वर्षांनंतरही हे सोयरिकीच्या बैठकीत सांगावे लागते.

मामांना विचारूनच मी त्यांच्या व्याह्यांकडे गेलो. सगळे कन्नडमधून सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

“औषध किती दिवस?”

“सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही.”

“मग लग्न वैशाखात धरू,” ते म्हणाले. “मुलीचा बाप मांडवात उभा पाहिजे.”