कान बघ की त्येंचे!

मुलांनो, घोड्यांची मारामारी पाहिलीय कधी? मी पाहिलीय. म्हणजे त्या दिवशी तरी मला तसंच वाटलं होतं.

माझं आजोळ रायगड जिल्ह्यात. भाताची कापणी झाली, की घाटावरून, पारनेरकडून धनगरांचे कळप तिकडे उतरतात. रात्री मेंढरं रिकाम्या खाचरात बसवायची. शेताला खत मिळतं, धनगरांना धान्य. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर. भांडी, जाळ्या, नुकती जन्मलेली कोकरं, अगदी कोंबड्यासुद्धा! १९८८च्या नाताळच्या सुट्टीत, मी सहावीत असताना, आजोबांच्या खाचरात असाच एक वाडा उतरला.

घोड्या चार आणि शिंगरं तीन. घोड्या लांब जाऊ नयेत म्हणून त्यांच्या पुढच्या पायांना दोरी बांधलेली. तोच पायबंद! 'पायबंद घालणे' हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता, पण खरा पायबंद त्या दिवशी पाहिला. शिंगरं मात्र मोकळी. आईला सोडून ती जाणार कुठं?

दुपारी मी बांधावर बसले होते. त्यातली दोन मोठी शिंगरं, एक तांबडं आणि एक काळं, अचानक एकमेकांवर धावून गेली. तांबड्यानं काळ्याची मान दातांत धरली. मग ते मागच्या पायांवर उभंच राहिलं! काळ्याच्या पुढच्या पायाला ते चावायला गेलं, तसं काळं चक्क गुडघ्यांवर बसलं. मला वाटलं, संपलं आता बिचारं. मी ढेकूळ उचललं आणि नेम धरून मारलं. एरवी माझा नेम कधी लागत नाही. त्या दिवशी लागला. तांबड्याच्या पायावर.

दोघंही चौखूर उधळली. तांबडं आपल्या आईच्या आड जाऊन उभं राहिलं. पाय जरा उचलूनच धरला होता त्यानं. आणि काळं? ते त्याच्यामागं गेलं की हो! त्याला हुंगत राहिलं.

चुलीजवळच्या धनगरमावशींनी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"आरं बाळा, भांडत न्हाईत ती. खेळत्यात," त्या म्हणाल्या. "कान बघ की त्येंचे! घोडं खरंच चिडलं, की कान मागं मानंला चिकटतंय."

त्यांनी तांबड्याचा पाय चाचपला, हळद-तेल लावलं. वाटी मी धरली होती. तांबडं माझ्याकडे बघेचना.

मग दोन दिवस मी नुसती कान बघत बसले. काय काय दिसलं म्हणून सांगू! आज पाठलाग करणारं थोड्या वेळानं स्वतःच पुढं पळायचं. गुडघे टेकणं म्हणजे हार नव्हे, चाव्यापासून पाय वाचवण्याची युक्ती. आणि चावाही कसा, तर कातडं फाटणार नाही इतपतच. (शाळेच्या मैदानावरची आपली कुस्ती बाईंना लांबून कशी दिसते, तसंच हे.) सगळ्यात धाकटं शिंगरू अजून आईशीच खेळायचं. तिची आयाळ ओढायचं, तिच्याभोवती गोल गोल धावायचं आणि दमलं की दूध प्यायला हजर. आई बिचारी चरत राहायची.

खेळून झालं, की काळं आणि तांबडं उलटसुलट तोंडं करून उभी राहायची आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवायची. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय, नेमकं तिथं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा एवढंच कळलं, की दोघांचे डोळे अर्धवट मिटलेत.

तांबड्याचा पाय दुसऱ्याच दिवशी बरा झाला. मी गुळाचा खडा घेऊन गेले. तो काळ्यानं खाल्ला.

तिसऱ्या दिवशी पहाटे वाडा हलला. घोड्यांवर बोचकी चढली, मेंढरं पुढं निघाली. मी बांधावर उभी होते. मावशींनी हात केला. काळं माझ्या अगदी जवळून, पिशवी हुंगत गेलं. तांबडं मात्र जाताना आईच्या पलीकडून चाललं होतं. कान माझ्याकडे वळवून.