पिसांचं जाकीट नको

टोरांटोच्या हिवाळ्यासाठी लेकीने माझ्याकरता आणलेलं जाकीट हंसाच्या पिसांचं निघालं. हलकं आणि उबदार, कबूल. पण ते अंगावर घालून देरासरात कशी जाऊ? मी परत करायला लावलं. दोन दिवस ती धड बोलली नाही.

आतलं लेबल वाचा. ‘डाऊन’ म्हणजे पिसं. पॉलिएस्टर भरलेलं घ्या. ते थोडं जड असतं, पण भिजलं तरी ऊब धरतं, पिसं मात्र गोळा होतात. अंगालगत सुती नको, घामाने ओलं होऊन गार पडतं. सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस. बूट रबरी, आत जाड अस्तर, चामडं नाही. आणि टोपीची केसाळ झालर खोटीच आहे ना, तेही विचारा.