तीन डिसेंबरची सुट्टी

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना घाई नसेल तर रायबंदरचा रस्ता धरावा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजण, मधून पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला लांबलचक बांध. एरवी हा पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. ३ डिसेंबरला मात्र गाडी लांबच कुठेतरी लावून पायीच जावं लागतं. त्या दिवशी गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि गोव्यात सरकारी सुट्टी असते.

बासिलिकेच्या लाल जांभ्या दगडाच्या भिंतींपुढे मांडव घातलेला असतो. पहाटेपासून एकामागून एक मिस्सा चालू असतात. सिंधुदुर्गातून, कारवारकडून लोक चालत येतात. पायांना फोड आलेले, खांद्यावर पिशवी, अगदी आपल्या वारकऱ्यांसारखे. बाहेर फेरी भरलेली असते. खाजे, चणे, लाकडी पोळपाट, प्लॅस्टिकच्या बादल्या, स्वेटर (गोव्यात स्वेटर कोण घालतं हे मला अजून कळलेलं नाही). गर्दीत कुंकू लावलेल्या बायकाही भरपूर दिसतात. मेणबत्ती लावतात, हात जोडतात आणि खाजे बांधून घेतात.

आता याच जागेची दुसरी बाजू. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. १५४६ मध्ये त्यानेच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन सुरू करण्याची मागणी केली. १५५२ मध्ये, ३ डिसेंबरलाच, चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर तो वारला. इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि कायमचं बंद झालं ते १८१२ मध्ये. जुन्या गोव्याहून बाणस्तारीचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात मंगेशी येतं. हा देव मूळचा कुठ्ठाळीचा. त्याच काळात भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेलं म्हणून प्रियोळला आला. गोव्यातल्या कितीतरी मराठी घरांची कुलदैवतं अशीच स्थलांतरित आहेत. मग या माणसाच्या नावाची सुट्टी सगळ्यांनी का घ्यायची, हा प्रश्न अधूनमधून निघतो. प्रश्न मूर्खपणाचा नाही. सरकार सगळ्यांचं असेल तर सुट्ट्याही कुठल्याच धर्माच्या नसाव्यात, असं त्याचं सरळ रूप.

गंमत म्हणजे हा प्रयोग पोर्तुगालनेच करून पाहिला आहे. १९१० च्या ऑक्टोबरात तिथे राजा जाऊन प्रजासत्ताक आलं आणि आठवड्याभरातच चर्चचे सण सरकारी सुट्ट्यांतून काढून टाकले. नव्या यादीत १ जानेवारी विश्वबंधुत्वाचा, ५ ऑक्टोबर प्रजासत्ताकाच्या वीरांचा, आणि २५ डिसेंबर? कुटुंबाचा दिवस! नाताळ यादीतून गेला, तारीख तेवढी राहिली. त्या दिवशी लिस्बनमधल्या घरांत काय शिजत असेल हे सांगायला नको.

भारताने वेगळी वाट घेतली. केंद्र सरकारच्या कार्यालयांच्या १४ सक्तीच्या सुट्ट्या बघा. ३ राष्ट्रीय, उरलेल्या ११ मध्ये मुस्लिमांच्या ४, हिंदूंच्या २ (दसरा आणि दिवाळी), ख्रिस्ती २, आणि बौद्ध, जैन, शीख यांची प्रत्येकी १. गणेश चतुर्थी त्यात नाही! ती आणि गुढीपाडवा हे १२ सणांच्या दुसऱ्या यादीत येतात. त्यातले ३ त्या त्या राज्यापुरते निवडायचे. शिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या पसंतीच्या २ ऐच्छिक सुट्ट्या. म्हणजे धर्म वगळायचा नाही, सगळ्यांना थोडी थोडी जागा द्यायची. मोजायला बसलं तर कुणालाच हिशोब पटणार नाही, आणि तरी तो इतकी वर्षं चालला आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हल्ली तिसरीच पद्धत रुळते आहे: राष्ट्रीय सुट्ट्या ठरलेल्या, बाकीच्या ज्याने त्याने हव्या तेव्हा घ्याव्यात. कागदावर यासारखं निष्पक्ष दुसरं काही नाही. मला ती आधी फार आवडायची. पण सुट्टी म्हणजे फक्त आपण कामावर नसणं नव्हे. चवथीला गोवा गोवा वाटतो कारण शाळा बंद, बँक बंद, मुंबई-पुण्याचे चुलते गावच्या घरी आलेले. म्हणून तर इथे चवथीचा दुसरा दिवसही सुट्टीचा असतो. मी एकट्याने रजा टाकली आणि मुलीची शाळा चालू असली, तर माटोळीखाली मी एकटाच बसणार.

शिवाय मागून घ्यायची रजा ज्याच्या माणसांची संख्या कमी त्याला जास्त जड जाते. याचं उदाहरण फार लांबचं नाही. २०१९ मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने गुड फ्रायडेची सरसकट सुट्टी काढून ती ऐच्छिक केली होती. दमण-दीव १९८७ पर्यंत आपल्याच गोव्याबरोबर एका केंद्रशासित प्रदेशात होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि सुट्टी परत द्यावी लागली. म्हटलं तर फक्त एक शब्द बदलला होता. पण वरिष्ठांपुढे अर्ज घेऊन कोण उभं राहणार, हे त्याच शब्दाने ठरत होतं.

मला विचाराल तर ३ डिसेंबर राहू द्यावा, आणि मुलांना १५४६ चं पत्रही सांगावं. दोन्ही. सुट्टी म्हणजे त्या संताला दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. आपले शेजारी त्या दिवशी जुन्या गोव्यात असतात, एवढाच तिचा अर्थ. त्याच डिसेंबरात १९ तारखेला आपण पोर्तुगीज गेल्याचीही सुट्टी घेतो, आणि २५ ला नेवऱ्या, दोदोल घेऊन तेच शेजारी दारात येतात. गोव्याला हे नवं नाही. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी, असं दोन्हीकडचे लोक सांगतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. या बहिणींसाठी कुठल्याही सरकारी यादीची गरज पडली नाही, हेही खरं.

जुनं गोवं शांतपणे बघायचं असेल तर मात्र ३ तारखेला जाऊ नका. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नवेना असतात, त्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी जा. आधी बासिलिका, मग समोरचं से कॅथेड्रल, आणि परतीच्या ऐवजी बाणस्तारीवरून मंगेशी. दोन्हीकडे चपला बाहेर काढायच्या की नाही एवढंच मुलांना आधी समजावून ठेवा. खाजे आल्याचं, ताजं बघून घ्या.