पायाखालची तार

वेडा राघू चतुर पकडून तारेवर येऊन बसतो, सकाळचं ऊन अंगावर झेलतो, चोचीतला चतुर तारेवर आपटतो. घरी येऊन तो फोटो मॉनिटरवर बघावा, तर राघूच्या डोक्यातून वाळकी काडी उगवलेली! ती काढायची की ठेवायची, या वादात आमच्या फोटोग्राफर मंडळींचा चहा हमखास गार होतो. माझं मत सांगून टाकतो. पक्ष्यानं ज्याला पाय लावलाय, त्याला मी हात लावत नाही. बाकीचं बघून ठरवतो.

खरं तर निम्मी सफाई जागेवरच होते. ५०० मिमीची लेन्स, एफ ५.६ आणि पक्षी दहा मीटरवर असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात फोकसची खोली जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटर मिळते. वीतभर मागची काडी अर्धवट धूसर होऊन डोळ्यांत खुपते, पण पन्नास मीटरवरचं झुडूप नुसता हिरवा रंग होऊन जातं. म्हणून भिगवणला नावेत बसलं की मी कॅमेरा पाण्यालगत आणतो. नजर जितकी खाली, तितका मागचा काठ लांब जातो. आणि हातभर डावीकडे सरकलं, तर कित्येक काड्या आपोआप पक्ष्याआड जातात. नावाडीदादांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

उरलेलं काम कॉम्प्युटरवर. नवखे लोक थेट हीलिंग ब्रश घेतात आणि पक्ष्याच्या कडेवर फिरवतात. हा ब्रश आजूबाजूचा रंग ओढून घेतो, त्यामुळे राघूच्या पाठीचा हिरवा ओघळ मागच्या आभाळात उतरतो. कडेला लहानसा क्लोन स्टॅम्पच बरा, तोही पक्ष्यावर मास्क टाकून, वेगळ्या लेयरवर. दुसरी गोम नॉइजची. मूळ फोटोत बारीक रवा असतो आणि पुसलेली जागा इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते. स्क्रीनवर खपून जाते, मोठ्या प्रिंटमध्ये उघडी पडते. तिथे थोडा नॉइज परत घालावा लागतो.

वेड्या राघूची खरी परीक्षा शेपटीत. मधली दोन पिसं सुईसारखी पुढे आलेली असतात. मागची काडी त्यांना छेदून जात असेल, तर सॉफ्टवेअर पिसालाही काडीच समजतं आणि दोन्ही गिळून टाकतं. एआयची तऱ्हा उलटी. ते नसलेली पिसं काढून देतं, तीही इतकी देखणी की शंका यावी. ती दोन पिसं मी दोनशे टक्के झूम करून हातानंच सोडवतो. तासभर जातो, जाऊ दे.

आता पायाखालची तार. ती काढून शेवाळलेली फांदी बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांचे फोटो मी पायांवरून ओळखतो. राघूच्या पुढच्या बोटांपैकी बाहेरची दोन मुळाशी जोडलेली असतात, आणि बारीक तारेवर सगळी बोटं घट्ट आवळून बसतात. मनगटाएवढ्या फांदीवर ती तशी वळणारच नाहीत. शिवाय वेडा राघू, कोतवाल, नीलपंख यांची उघड्या माळावरची रोजची बैठकच तार झाली आहे. याच तारा माळढोकाच्या मुळावर आल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१मध्ये न्यायालयाचा आदेश आला. फोटोतून तार पुसली की हा सगळा मजकूरही पुसला जातो.

स्पर्धांचे नियम याहून कडक. पीएसए, फियाप आणि आरपीएस या छायाचित्रण संस्थांनी २०१४ साली निसर्ग छायाचित्रणाची एक व्याख्या ठरवली. क्रॉप करा, सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसा, पण चित्रातलं काही काढायचं नाही, घालायचं नाही, हलवायचं नाही. पक्ष्याच्या पायातली संशोधकांची कडी मात्र चालते. असं असूनही ती ‘घाण दिसते’ म्हणून पुसणारे भेटतात. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकादंब भारतातल्या पाणथळांवर सापडले, ते त्या पट्टीवरची अक्षरं कुणीतरी वाचली म्हणूनच. माणसांच्या बातम्यांतही हेच. २०१०मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोनं एका विजेत्याला बाद केलं, कारण त्यानं मागच्या माणसाच्या पावलाचा तुकडा पुसला होता.

मी इतका सोवळा नाही. मागची, धूसर, पक्ष्याशी काही संबंध नसलेली काडी भिंतीवर लावायच्या प्रिंटमधून खुशाल काढतो आणि विचारलं तर सांगतो. स्पर्धेला आणि नोंदीला मूळ फाइल जाते. मध्यंतरी कॅलेंडरवाल्यांचा फोन आला. राघू आवडला होता, पण तारेऐवजी पळसाची फांदी हवी होती. फेब्रुवारीचं पान म्हणे. नाही म्हटलं. पळसाच्या फुलांवर साळुंक्या खरोखरच मध प्यायला येतात, तो फोटो होता माझ्याकडे, तोच पाठवला. त्यात मागे मोबाइलचा टॉवर होता, तो मात्र काढला.