पाव्हण्यांचं हृदय थांबलं!

कोल्हापुरात रिक्षात बसून नुसतं "सीपीआर" म्हणालात, तर रिक्षावाले काका थेट छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात नेतील. इथं त्याला सगळे सीपीआरच म्हणतात. पण आम्हा नर्सिंग शिकवणाऱ्यांच्या बोलण्यात आणखी एक सीपीआर असतो. माणसाचं हृदय अचानक थांबलं, तर छाती दाबून मेंदूकडे रक्त पोचवत राहायचं, तो.

आमच्या वर्गात टेबलावर एक प्लास्टिकचा माणूस झोपलेला असतो. मुलींनी त्याचं नाव ठेवलंय 'पाव्हणं'! छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाबांनंतर २ श्वास. दाब पुरेसा पडला की पाव्हण्यांच्या छातीतून 'टक्' असा आवाज येतो. दोन मिनिटांत घामाघूम व्हायला होतं, म्हणून मग दुसरीनं हात लावायचा. (घरी भावंडांवर मात्र हे मुळीच करून पाहायचं नाही हं! चालत्या हृदयाच्या माणसाला त्यानं इजा होते.)

अशी बाहुली पहिल्यांदा कुणी केली, ठाऊक आहे? नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्यानं! आसमुंड लेर्डाल त्यांचं नाव. त्यांचा स्वतःचा लहानगा मुलगा बुडता बुडता वाचला होता. पुढं डॉक्टरांच्या सांगण्यावरून १९६० साली त्यांनी 'अ‍ॅनी' नावाची बाहुली बनवली.

एकदा मी नेहमीसारखी ओरडले, "पाव्हण्यांचं हृदय थांबलं!" चौघी धावल्या. पाचवी दारातच उभी. वर्गात पहिली येणारी पोरगी ती!

"मॅडम, सगळं पाठ हाय वो, पण हातच हलंना झालेत!"

रक्त पोचलं नाही, तर चारेक मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. दारात उभं राहायला तेवढा वेळ कुठला? मी रागावले नाही. "चल गं, पुन्हा," एवढंच म्हटलं. चौथ्या खेपेला तीच ओरडून इतरांना कामं वाटत होती. तू अ‍ॅम्बू बॅग धर, तू शॉकचं मशीन आण, तू वेळ लिही. औषध देणारीनंही मोठ्यानं सांगायचं, "अ‍ॅड्रिनलिन दिलं, दोन वाजून दहा मिनिटं!" मला तर दाबण्याइतकंच हे बोलणं महत्त्वाचं वाटतं. नाहीतर गडबडीत एकच औषध दोनदा जायचं, किंवा जायचंच नाही.

तिची पहिली नोकरी लागली. रात्रपाळीला एका आजोबांचं हृदय थांबलं. डॉक्टर पोचले तेव्हा हिचे हात आजोबांच्या छातीवर चालू होते. सगळ्यांनी बराच वेळ शर्थ केली. आजोबा गेले.

पुढच्या रविवारी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, रडेल, नोकरी सोडते म्हणेल.

"मॅडम, मी काय कमी केलं का वो?"

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. मी मध्ये मध्ये विचारत गेले. कमी काहीच नव्हतं. सगळं बरोबर करूनही कधीकधी माणूस हाती लागत नाही, हे मी तिला स्पष्टच सांगितलं.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "पाव्हण्यांवर हात चालवू का जरा? उद्या परत नाईट हाय."

मी वर्गाची किल्ली दिली.