हौदाची निजानीज

कांदिवलीच्या माणसाने थंडीविषयी लिहावे हा तसा आगाऊपणाच. आमच्याकडे थंडी येते ती लांबच्या पाहुण्यासारखी. तिच्यासाठी आपण गोधड्या उन्हात घालाव्यात आणि तिने घोटभर चहा घेऊन निघून जावे! १९६२ सालच्या २२ जानेवारीला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. जुनी माणसे त्याचे कौतुक अजून सांगतात. पाण्याच्या बाबतीतही आमची चिंता एकच: ते गच्चीवरच्या टाकीत चढेल का, आणि चढले तर संध्याकाळपर्यंत पुरेल का? साठवलेले पाणी थंडीने फुगून टाकीच फोडील, ही काळजी आमच्या सोसायटीत कुणाच्या स्वप्नातही आली नसेल.

ती काळजी मला यंदा लागली, आणि तीही साता समुद्रांपलीकडच्या हौदाची.

माझी थोरली बहीण न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहते. तिच्या परसात पोहण्याचा तलाव आहे. तलाव म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर जमिनीत खणलेला, फरश्या बसवलेला महापालिकेचा तलाव येतो. हा तसा नव्हे. हा जमिनीवर उभा केलेला, २४ फूट व्यासाचा, पातळ पत्र्याच्या गोल भिंतीचा आणि आतून प्लॅस्टिकचे अस्तर लावलेला. चार फूट पाणी भरले की ते पन्नास हजार लिटर होते. आमच्याकडे येणाऱ्या दहा हजारी टँकरच्या हिशेबाने पाच टँकर! ताई त्याला पहिल्यापासून हौदच म्हणते. दर वर्षी ऑक्टोबरात भावोजी तो हौद हिवाळ्यासाठी झाकून ठेवीत. त्याला ते ‘हौदाची निजानीज’ म्हणत.

यंदा फेब्रुवारीत भावोजी गेले.

जूनमध्ये भाच्याने माणसे लावून, मुलांसाठी म्हणून हौद उघडला. पण ऑक्टोबर आला तसे त्याने आईला स्पष्टच सांगितले, ‘‘आता हे कोण बघणार? पाणी सोडून देऊ आणि पत्रा मोडीत काढू.’’ ताई काही बोलली नाही. तिने भावोजींच्या टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि मला फोन लावला. वहीत हौद बंद करण्याची सगळी कृती मराठीत लिहिलेली होती. भाच्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. आणि भावोजींचे अक्षर असे, की ते ताईलाही लागेना. पण मी गेली वीस वर्षे मराठीच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे. मला न लागणारे अक्षर अजून जन्माला यायचे आहे!

तेव्हा एका शनिवारी त्यांच्या सकाळी नऊ वाजता, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसहाला, मी दिवा लावून फोनसमोर बसलो. वहीच्या पानांचे फोटो आधीच आले होते. पहिलेच वाक्य वाचून मी चपापलो: ‘हौद रिकामा करू नये.’ माझाही कल भाच्याकडेच होता. फुटायची भीती असेल तर भांडे रिकामे करून पालथे घालावे, हे तर आमच्या आजीचे शास्त्र. पण भावोजींनी कारण लिहून ठेवले होते. असल्या पत्र्याच्या भिंतीला आतल्या पाण्याचाच आधार असतो. पाणी काढले की वाऱ्याने भिंत वाकते, आणि अस्तर आकसते ते पुन्हा धड बसत नाही. म्हणून पाणी ठेवायचे. फक्त भिंतीतल्या त्या कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या चार बोटे खाली उतरवायचे. पंप, गाळणी आणि नळ्या सोडवून, निथळून तळघरात न्यायच्या, कारण नळीत राहिलेले घोटभर पाणीही गोठले की नळी चिरते. भोकांना बुचे मारायची. आणि पाणी १८ अंशांच्या खाली गेल्याशिवाय घाई करायची नाही, नाहीतर झाकणाखाली शेवाळ माजते.

मी वाचत होतो, भाचा करीत होता, ताई फोन धरून उभी होती. पुढच्या ओळीवर ती म्हणाली, ‘‘इथे ‘हवेचा उशीर’ असं काय लिहिलंय रे?’’ मी पाहिले. तो उशीर नव्हता, ती उशी होती: हवेची उशी. पाणी चार अंशांपर्यंत आकसते आणि तिथून उलटे फुगू लागते; बर्फ होताना तर सुमारे नऊ टक्के फुगते. वरचा बर्फ फुगून भिंतीवर रेटा देतो. म्हणून झाकणाखाली, मधोमध एक हवेची उशी बांधायची. बर्फ तिला दाबतो, भिंत वाचते. पुढे ठळक खूण: ‘उशी गच्च भरू नये. निम्म्याहून थोडी अधिक. तिलाही दबायला जागा हवी.’

वहीच्या शेवटी वर्षवार नोंदी होत्या. ‘२०१४: उशी विसरलो. मार्चमध्ये भिंतीला पोक.’ ‘२०१९: झाकण नवे.’ आणि गेल्या वर्षीची, शेवटची: ‘हवेचा पंप सापडला नाही. उशी हिने तोंडाने फुगवली. दम चांगला आहे.’

ही नोंद मोठ्याने वाचावी की नाही, ते मला कळेना. पण मास्तराची सवय, वाचून झालीदेखील. पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ताईने फोन भाच्याच्या हातात दिला. मला पडद्यावर दिसले ते एवढेच: परसातल्या खुर्चीत बसून ताई उशी फुगवीत होती. भाचा म्हणाला, ‘‘आई, पंप इथेच आहे.’’ तिने मानेनेच नको म्हटले. फेब्रुवारीपासून ती आमच्यापैकी कुणाजवळ रडली नव्हती. आता फुगवता फुगवता मध्येच थांबून ती रडली, डोळे पुसले, आणि पुन्हा फुंकू लागली. आम्ही दोघेही गप्प राहिलो.

मग मायलेकांनी हौदावर झाकण ओढले, कडेने तारेची दोरी आवळली. मधली उशी झाकणाखालून टेकडीसारखी वर आली होती. भाच्याने मला विचारले, ‘‘मामा, उघडण्याची कृतीपण आहे का वहीत?’’ मी म्हटले, ‘‘आहे. पण ती मे महिन्यात वाचून दाखवीन.’’ मोडीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

दुसऱ्या दिवशी ताईकडून वहीच्या पानाचा फोटो आला. भावोजींच्या नोंदीखाली तिच्या ठसठशीत अक्षरात यंदाची तारीख होती. पुढे लिहिले होते: ‘उशी मीच फुगवली. दोनदा थांबावे लागले.’

हे अक्षर वाचायला मास्तराची गरज नव्हती. पण मी ते दोन-तीनदा वाचले.