राजाबाई टॉवरखाली उभे राहून

आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबई पाहिली असेल; पण ती दवाखान्याच्या नाहीतर मंत्रालयाच्या कामासाठी. मीही आजवर तशीच पाहिली होती. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, पुतणीला घेऊन गेलो तो मात्र कॉलेज पाहायला. पोरगी बारावी वाणिज्य शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आहे. धाकट्या भावाची कोरडवाहू चार एकर जमीन, त्यात कपाशी. घरातून कॉलेजात जाणारी ही पहिलीच मुलगी.

निघताना भाऊ म्हणाला, "दादा, तीन वर्षांत पदवी मिळत असेल तर हे चौथं वर्ष कशाला? ऑनर्स म्हणजे काय वरून टाकायचं खत आहे का?" त्याचेही चुकत नव्हते. आमच्याकडच्या एका कॉलेजच्या खिडकीवर त्याला सांगितले होते की, चौथे वर्ष केले नाही तर पदवीच नाही. ते ऐकून त्याने पोरीचे शिक्षण थांबवायचेच मनात आणले होते.

रात्रीची गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागली. चहा घेऊन आम्ही पायीच हुतात्मा चौकाकडे निघालो. पुढे उच्च न्यायालयाला लागूनच मुंबई विद्यापीठाची जुनी दगडी इमारत आहे. विद्यापीठ १८५७ सालचे. तिथला राजाबाई टॉवर २८० फूट उंच. मान वर करून पाहताना टोपी पडते की काय असे वाटते!

हा टॉवर आपल्या कपाशीशी जोडलेला आहे, हे पुतणीला सांगितले तेव्हा तिला खरे वाटेना. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने अमाप पैसा मिळवला आणि विद्यापीठाला ग्रंथालय व टॉवरसाठी मोठी देणगी दिली. टॉवरला आईचे, राजाबाईंचे नाव दिले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्यासकट अनेक मोठी घराणी बुडाली. टॉवर मात्र १८७८ साली पुरा झाला. पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, म्हणजे भाव का पडला हे तेव्हाही शेतकऱ्याला कुणी सांगितलं नसणार." मला उत्तर सुचले नाही.

ओव्हल मैदान ओलांडून आम्ही चर्चगेटजवळच्या सिडनहॅम कॉलेजकडे गेलो. १९१३ साली निघालेले हे आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय. आता ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात इथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आजची इमारत नंतरची आहे. त्याच १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे नुसते एकत्र करून भागणार नाही, जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आमच्या आजोबांची सोळा एकर चार भावांत वाटली गेली. तिथल्या पायरीवर उभे राहून मला तोच हिशेब आठवला.

आता मुद्द्याचे बोलू, कारण आपल्या घरीही हा प्रश्न उद्या येणार आहे. राज्यात नवे धोरण २०२३-२४ आणि २०२४-२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यात अभ्यास श्रेयांकांत मोजतात. वर्गातल्या साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक. डेअरीच्या कार्डावर रोजचे दूध चढते तसे हे श्रेयांक मुलाच्या नावावर चढतात. वर्षाला किमान चाळीस. तीन वर्षांत एकशेवीस झाले की बी.कॉम.ची पूर्ण पदवी हातात, कुणी काहीही सांगो. चौथे वर्ष करून एकशेसाठ झाले तर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प घेता येतो. नसतील तर त्याऐवजी तीन जादा विषय घेऊन साधे ऑनर्स होते. चार वर्षे केली की पुढचे एम.कॉम. एका वर्षाचे, तीन केली तर दोन वर्षांचे. एकूण वर्षे पाचच! मला तर यात नवल वाटले नाही, आमची कृषीची पदवी चार वर्षांचीच असते.

अडचण आली तर? घरी आजारपण आले, पीक गेले, तर पहिल्या वर्षानंतर सुट्टीत चार श्रेयांकांचा एक व्यवसाय विषय पुरा करून प्रमाणपत्र घेऊन थांबता येते आणि तीन वर्षांच्या आत परत येता येते. मुलींच्या बापांनी हे नीट ध्यानात ठेवावे. मात्र थांबलेली पोर परत येते का, हे नियमावर नाही, घरावर आहे. आणखी एक. प्रत्येक कॉलेजात चौथे वर्ष असतेच असे नाही. प्रवेशापूर्वी विचारा, आणि लेखी विचारा.

विषयांची यादी वाचताना पुतणी परिव्यय लेखांकनापाशी थांबली. कशाची किंमत किती पडते ते काढायचे शास्त्र. परतीच्या गाडीत तिने वहीत बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी मांडली. घरच्यांची मजुरी धरायची का, असे विचारले. मी धर म्हणालो. बेरीज झाल्यावर तिने वही माझ्यापुढे केली. आम्ही दोघांनी ती दोनदा तपासली. आकडा तोच येत होता. दर क्विंटलला भावाच्या हातात काही उरत नव्हते.

स्टेशनवर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. "काय ठरलं?" पुतणी म्हणाली, "आप्पा, आधी तीन वर्षं. चौथ्याचं सहाव्या सत्राच्या निकालावर बघू." भावाने मान हलवली. "आणि वसतिगृहाचे पैसे?" मी म्हणालो, पहिल्या वर्षाचे माझ्याकडे. तो काही बोलला नाही. तिची पिशवी पुढे टाकीवर ठेवली आणि गाडीला किक मारली. वही तिने अजून त्याला दाखवलेली नाही.